शिकागोच्या हिवाळ्यात अंगणातले गुलाब: काय झाकायचं, कधी झाकायचं आणि काय घरात आणायचं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून येऊन शिकागोजवळ नेपरव्हिलला स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने यंदा मे महिन्यात सहा कलमी हायब्रिड टी (लांब देठावर मोठं फूल देणारे) गुलाब लावले आहेत. शिवाय एक नॉकआउट (झुडपासारखा वाढणारा गुलाब), कुंपणावर एक वेली गुलाब आणि पॅटिओवर कुंडीत एक गुलाब आहे. पुण्यात दसऱ्याच्या सुमारास छाटणी करून खत घालायची सवय. इथे तसंच करायचं का, दुकानात मिळणारे, झाडावर टोपीसारखे घालायचे थर्मोकोलचे कोन आणायचे का, आणि उन्हाळाभर बाहेर असलेले कढीपत्ता, मोगरा, तुळस, अळू यांचं काय करायचं?

आधी सिकेटर (छाटणीची कात्री) बाजूला ठेवा. महाराष्ट्रात ऑक्टोबरची छाटणी बरोबर असते, कारण तिथला हिवाळा हा गुलाबाचा फुलण्याचा हंगाम. छाटलं, खत दिलं, की दीड-दोन महिन्यांत झाड फुलांनी भरतं. शिकागोत त्याच दिवसांत झाडाला नेमकं उलटं सांगायचं असतं: वाढ थांबव, फांदी पिकव, झोपी जा. ऑक्टोबरात छाटणी केली आणि चार दिवस ऊन पडलं, तर खालचे डोळे (फांदीवरचे सुप्त अंकुर) फुटतात. तो कोवळा लाल फुटवा पहिल्या कडक गोठणात काळा पडतो आणि त्यासाठी साठवणीतली खर्च झालेली साखर परत येत नाही. त्याच साखरेवर झाडाची थंडी सोसण्याची ताकद अवलंबून असते.

हिवाळी रक्षणाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे झाडाला ऊब द्यायची. गुलाबाला ऊब नको, एकसारखी थंडी हवी. पिकलेली, तयार झालेली फांदी हळूहळू गोठली तर बर्फाचे स्फटिक पेशींच्या मधल्या जागेत होतात. पेशीतलं पाणी सावकाश बाहेर निघतं आणि पेशी सुकटून जिवंत राहते. पण जानेवारीत दुपारी ४५ फॅरनहाइट आणि रात्री ५ झालं, तर फांदीला तो वेळच मिळत नाही. पेशीच्या आत बर्फ होतो आणि ती फुटते. दुसरं नुकसान वाऱ्याचं. जमीन गोठलेली असल्यामुळे मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि वर कोरडा वारा फांदीतलं पाणी नेत राहतो. तिसरं जमिनीच्या फुगण्याचं. ओली चिकणमाती गोठली की फुगते, वितळली की बसते आणि पहिल्या वर्षीचं, मुळं न पसरलेलं रोप त्या हालचालीत वर उचललं जातं. तुमची माती चिकण असणार, आणि रोपं पहिल्या वर्षीची आहेत, म्हणून हे तिन्ही धोके तुम्हाला लागू आहेत.

हार्डिनेस झोनबद्दलही, म्हणजे कुठे कोणतं झाड थंडीत तगेल हे सांगणाऱ्या पट्ट्यांबद्दलही, एक गोष्ट समजून घ्या. २०२३ च्या अमेरिकी नकाशात शिकागोची पश्चिम उपनगरं ५बी-६ए या पट्ट्यांत येतात. हे आकडे १९९१ ते २०२० या तीस वर्षांतल्या, प्रत्येक वर्षीच्या नीचांकी तापमानाच्या सरासरीवर बेतलेले आहेत. ५बी म्हणजे उणे १५ ते उणे १० फॅरनहाइट, ६ए म्हणजे उणे १० ते उणे ५. सरासरी म्हटल्यावर काही वर्षं त्याखाली जाणारच. ३० जानेवारी २०१९ ला ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ उणे ३१ सेल्सिअस नोंदलं गेलं. लेबलवर ‘झोन ६ पर्यंत’ लिहिलेला गुलाब अशा रात्री उघडा असेल तर जमिनीवरचा भाग गेलाच म्हणून समजा. म्हणून झाकणं वाईटात वाईट वर्षाच्या हिशेबाने करायचं.

कोणता गुलाब आणि कलमाची गाठ कुठे

हायब्रिड टी, फ्लोरिबंडा, ग्रँडिफ्लोरा हे बहुतेक डोळा भरलेले, म्हणजे वर हवी ती जात आणि खाली खुंट. अमेरिकेत हा खुंट बऱ्याचदा ‘डॉ. ह्युई’ नावाच्या गुलाबाचा असतो, कॅनडात बऱ्याचदा मल्टिफ्लोरा. दोन्हींच्या सांध्याची फुगीर गाठ हा संपूर्ण झाडाचा नाजूक बिंदू. वरच्या सगळ्या फांद्या मेल्या आणि गाठ वाचली, तरी तुमचा गुलाब जूनमध्ये परत फुलेल. गाठ मेली तर खुंट फुटेल आणि तुम्हाला एकदाच येणारी गडद लाल फुलं मिळतील. ‘आमचा पिवळा गुलाब हिवाळ्यानंतर लाल झाला’ असं सांगणाऱ्यांच्या अंगणात घडलेलं असतं ते एवढंच.

आज रोपाजवळ बसून बोटांनी माती बाजूला करा आणि गाठ शोधा. शिकागोत ती जमिनीच्या पातळीखाली २ ते ४ इंच असायला हवी. गाठ वर ठेवून लावायची पुण्यातली पद्धत इथे चालत नाही. तुमची वर असेल तर आता झाड उपटू नका. यंदा मातीची भर जास्त द्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये, झाड झोपेत असतानाच, उचलून खोल लावा.

नॉकआउट सहसा स्वतःच्या मुळांवर वाढवलेला असतो आणि झोन ५ पर्यंत टिकतो. वरचं सगळं मेलं तरी मुळातून तोच गुलाब येतो. पहिल्या हिवाळ्यात त्याला ६ ते ८ इंच आच्छादन द्या, पुढच्या वर्षांपासून तेही न दिलं तरी चालेल. रुगोसा गुलाब, कॅनडाच्या शेती खात्याने तयार केलेले एक्सप्लोरर मालिकेतले ‘जॉन कॅबट’, ‘विल्यम बॅफिन’ किंवा मॅनिटोबातल्या मॉर्डनचे पार्कलँड गुलाब यांना तर झाकायची गरजच नसते. दरवर्षी नोव्हेंबरात माती ओढण्याचा कंटाळा येणाऱ्याने हायब्रिड टी कमी करून हे लावावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आहेत ते सहा वाचवू या.

ऑगस्ट ते नोव्हेंबर

नत्र असलेलं खत ऑगस्टच्या मध्याला बंद. इथला पहिला फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठण्याइतकी थंड रात्र, साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर येतो, त्याच्या आधी आठेक आठवडे झाडाला नवी पालवी काढायचं कारण मिळता कामा नये. कंपोस्ट चहा, माशाचं खत, ‘सौम्य आहे म्हणून थोडंसं’, काहीच नको. सप्टेंबरच्या शेवटापासून वाळलेली फुलं कापणंही थांबवा. फूल झाडावर राहिलं की त्याचं फळ धरतं आणि झाड वाढीऐवजी पिकण्याकडे वळतं. घरात आणायला फूल हवंच असेल तर आखूड देठाचं खुडा.

पाणी मात्र थांबवायचं नाही. सगळ्यात जास्त चूक इथे होते, कारण हवा गार झाली की पाइप गुंडाळून गॅरेजमध्ये जातो. जमीन गोठेपर्यंत आठवड्याला एक इंच पाणी मिळायला हवं, पाऊस धरून. दोन फूट बाय दोन फुटांच्या आळ्यासाठी एक इंच म्हणजे अडीच गॅलन. पाऊस झाला नाही तर बादलीने मोजून घाला. कोरड्या मातीत शिरलेला गुलाब झाकूनही सुकतो.

पहिल्या दोन-तीन गोठणांनंतर पानं काळवंडतात. तेव्हा झाडावर राहिलेली पानं हाताने काढा आणि खाली पडलेली सगळी गोळा करून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. काळ्या ठिपक्यांचा रोग पडलेल्या पानांवर आणि फांद्यांवर हिवाळा काढतो. ती घाण मातीच्या भरीखाली पुरली, तर मे महिन्यात तोच रोग परत मिळतो.

आता छाटणी. फक्त इतकी: ३० ते ३६ इंचांच्या वर गेलेल्या फांद्या त्या उंचीवर आणा, म्हणजे वाऱ्याने झाड हलून बुंध्याभोवती पोकळी पडणार नाही. अशा पोकळीत पाणी साचून गोठतं, तेही नेमकं गाठीला लागून. मोडक्या आणि रोगट फांद्या काढा. बाकी खरी छाटणी एप्रिलमध्ये. नंतर सगळ्या फांद्या सुतळीने सैलसर एकत्र बांधा.

मातीची भर

वेळ: नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, थँक्सगिव्हिंगच्या आसपास. कॅलेंडरपेक्षा खूण पाहा. सलग काही रात्री तापमान २० फॅरनहाइटच्या घरात उतरलेलं हवं, पानं गेलेली हवीत, मातीवर पातळ कवच धरायला लागलेलं हवं. घाई केली तर उबदार, ओल्या मातीखाली साल मऊ राहते आणि फांदीवर तपकिरी-जांभळट व्रण पडतात. ही कँकरची बुरशी गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानातही पसरते. ऑक्टोबरात झाकलेले गुलाब एप्रिलमध्ये उघडल्यावर मातीच्या रेषेपाशी काळे निघतात ते थंडीने नव्हे, याने.

माती बाहेरून आणायची. रोपाच्या आजूबाजूची खरवडून बुंध्यापाशी ओढली तर वरच्या थरातली मुळं उघडी पडतात आणि गुलाबाची मुळं फांद्यांपेक्षा नाजूक असतात. बागेतली नुसती चिकणमातीही नको, ती पाणी धरून ठेवते. दोन भाग टॉपसॉइल (पिशवीत मिळणारी वरच्या थरातली माती) आणि एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट हे मिश्रण उत्तम. एका झाडाला बुंध्यापासून १२ इंच उंच आणि तळाशी सुमारे २ फूट रुंद ढीग लागतो, म्हणजे साधारण एक घनफूट. दुकानातली नेहमीची पिशवी पाऊण घनफुटाची असते, तेव्हा सहा झाडांना आठ पिशव्या आणा. त्या सप्टेंबरातच आणून गॅरेजमध्ये ठेवा. नोव्हेंबरात दुकानांच्या बागविभागात ख्रिसमस ट्री लागलेले असतात आणि उघड्यावर राहिलेली पिशवी गोठून दगड झालेली असते.

ढीग मोकळा घातला तर हिवाळी पावसाने पसरतो. म्हणून मी जाळी लावायला सांगेन. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी, २४ इंच उंचीची. प्रत्येक झाडाला ५ फूट लांबीचा तुकडा कापला की १८ इंच व्यासाचं वर्तुळ होऊन दोन-तीन इंच एकमेकांवर चढवायला उरतात. झाडाभोवती उभी करून दोन काठ्यांनी रोवा. आत १२ इंच माती घाला. सरळ कडांमुळे आता एका झाडाला पावणेदोन घनफूट लागेल, म्हणजे अडीच पिशव्या. खर्च वाढतो, पण माती जागेवर राहते. मातीच्या वरच्या मोकळ्या जागेत, जमीन पक्की गोठल्यावर, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला, कोरडी पानं भरा. ओकची पानं चांगली, ती कडक असतात आणि त्यांच्यात हवा राहते. मेपलची ओली झाली की एकमेकांना चिकटून चपटा थर होतो, हवा कोंडते. मेपलचीच मिळत असतील तर लॉनमोअरने चिरून घ्या.

माती आणि पानं हा क्रम उलटा करू नका. ढिगाचं काम फक्त झाकण्याचं नाही. खालची जमीन उन्हाळ्यातली उष्णता हळूहळू वर सोडत असते. ढीग त्या जमिनीला चिकटलेला असल्यामुळे गाठीला ती मिळत राहते. पानांचा थर वर राहून ती टिकवतो.

यामुळेच नुसत्या थर्मोकोलच्या कोनावर माझा विश्वास नाही. कोन वारा अडवतो, पण मार्चच्या उन्हात आतली हवा तापते, डोळे फुटतात आणि रात्री तेच फुटवे गोठतात. शिवाय कोनात बसवायला झाड फार कापावं लागतं. आणलेच असतील तर आधी मातीची भर, मग कोन. वरच्या बाजूला एक-एक इंचाची चार-पाच भोकं पाडा आणि डोक्यावर वीट ठेवा. ४० फॅरनहाइटच्या वरच्या दिवशी झाकण उघडं ठेवता येईल असा कोन असेल तर आणखी बरं. प्लास्टिकचा कागद, काळ्या कचरापिशव्या यांनी गुलाब कधीच गुंडाळू नका. आत पाणी साचतं आणि फांदी शिजते व गोठते, एकाच दिवसात.

पानांच्या थराला व्होल येतात. उंदराएवढे, आखूड शेपटीचे हे प्राणी बर्फाखाली बोगदे करून साल कुरतडतात, तीही सगळीकडून गोल, म्हणजे फांदी मरतेच. म्हणून पानं जमीन गोठल्यावरच भरायची, तोवर ते आपली बिळं दुसरीकडे करून बसलेले असतात. बुंध्याला लागून पाव इंच छिद्राची बारीक जाळी दोन इंच जमिनीत खुपसली तर अधिक खात्री.

वेली, कुंडीतला आणि झाडासारखा वाढवलेला गुलाब

वेली गुलाबाच्या फांद्या मेल्या तर पुढच्या वर्षीची फुलंच गेली, कारण बरेच वेली गुलाब जुन्या फांदीवर फुलतात. तेव्हा बुंध्याला मातीची भर हवीच, वर फांद्याही जपायच्या. नोव्हेंबरात ५० फॅरनहाइटच्या पुढचा एखादा दिवस निवडा, कारण थंडीत फांदी कडक असते आणि वाकवताना तडकते. कुंपणावरून सोडवा, जुड्या बांधा, कुंपणालगत जमिनीवर आडव्या करा, वाकड्या खुंट्यांनी दाबा आणि वर सहा इंच माती किंवा पानं घाला. वाकणार नाहीत अशा जाड फांद्या तिथेच ठेवून भोवती गोणपाट गुंडाळा आणि आत पानं भरा. गोणपाट श्वास घेऊ देतं म्हणून तेच. नर्सरीत ‘बर्लॅप’ म्हणून मिळतं.

कुंडीतल्या गुलाबाची गोष्ट वेगळी. जमिनीतल्या मुळांना फक्त वरून थंडी लागते. कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी. कुंडीतलं झाड बाहेर ठेवायचं तर ते तुमच्या झोनपेक्षा दोन झोन जास्त काटक असावं, हा ढोबळ नियम. हायब्रिड टी तितका काटक नाही. घराला चिकटलेलं, हीटर नसलेलं गॅरेज ही त्याची जागा. तापमान २५ ते ४० फॅरनहाइटच्या दरम्यान राहायला हवं. एक साधा कमाल-किमान तापमापक आणून आठवडाभर आधी मोजा. ४५च्या वर राहत असेल तर झाड फेब्रुवारीतच जागं होईल. पानं गळल्यावर आत न्या, प्रकाशाची गरज नाही, कुंडी थेट सिमेंटवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. महिन्यातून एकदा दोन कप पाणी. माती हाडासारखी कोरडी होऊ द्यायची नाही, चिखलही नको. गॅरेज नसेल तर ऑक्टोबरात खड्डा खणून कुंडीसकट काठापर्यंत पुरा आणि वर भर द्या. मातीची कुंडी असेल तर आधी प्लास्टिकच्या कुंडीत बदला, नाहीतर ती तडकेल.

उंच खोडावर कलम केलेल्या ट्री रोजची गाठ वर, छातीच्या उंचीला असते. तो जमिनीत ठेवून शिकागोत वाचवणं फार कष्टाचं आहे. कुंडीत लावा आणि गॅरेजमध्ये न्या.

मिनिआपोलिससारख्या ठिकाणी ही भरही पुरत नाही. तिथे ‘मिनेसोटा टिप’ नावाची पद्धत रूढ आहे: ऑक्टोबरच्या मध्याला फांद्या बांधायच्या, एका बाजूची मुळं मोकळी करायची, दुसऱ्या बाजूला झाडाच्या उंचीएवढा चर खणायचा, झाड बुंध्यापासून सावकाश त्या चरात झोपवायचं, मातीने झाकायचं आणि वर पानांचा जाड थर. मेहनत प्रचंड, पण हायब्रिड टी तिथे त्यानेच जगतात. याउलट न्यू जर्सीत एडिसनसारख्या भागात ८ इंचांची भर भागते. टोरोंटोकरांनी कॅनडाच्या झोनचा आकडा अमेरिकी आकड्याशी जुळवू नये, दोन्ही देशांची मोजण्याची रीत वेगळी आहे.

बाकीचं अंगण

शेवंती कापू नका. वाळलेल्या काड्या एप्रिलपर्यंत राहू द्या, त्या बर्फ धरतात. जमीन गोठल्यावर वर ४ ते ६ इंच पानं किंवा पेंढा. शरदात फुललेली विकत आणून उशिरा लावलेली शेवंती मात्र बहुतेकदा मरते, कारण तिला मुळं धरायला वेळ मिळालेला नसतो. मोठ्या गोल गुच्छांचं हायड्रेंजिया, जुन्या फांदीवर कळ्या धरणारं, त्याला गुलाबासारखाच जाळीचा पिंजरा आणि पानं. मुळं तगतात पण कळ्या मरतात, म्हणून पुढच्या वर्षी नुसती हिरवी पानं दिसतात. बॉक्सवूड आणि ऱ्होडोडेंड्रॉनसारखी सदाहरित झुडपं हिवाळाभर पानांतून पाणी गमावतात. त्यांना नोव्हेंबरपर्यंत पाणी द्या आणि वाऱ्याच्या बाजूला काठ्यांवर गोणपाटाचा पडदा उभा करा. जड ओला बर्फ साचला तर झाडूने खालून वर हलकेच उचला. गोठून चिकटलेलं बर्फ झटकू नका, फांदी मोडते.

ड्राइव्हवेचा मिठाळ बर्फ गुलाबांवर लोटू नका. हे बर्फ काढणाऱ्या कंपनीच्या माणसाला आधीच सांगून ठेवा आणि झेंडे लावून वाफा दाखवा. स्वच्छ बर्फ मात्र जितका पडेल तितका राहू द्या, त्याहून चांगलं पांघरूण विकत मिळत नाही.

अळू, कर्दळ, डेलिया, ग्लॅडिओला यांचे कंद पहिल्या फ्रॉस्टने पानं काळी पडल्यावर काढायचे. देठ ४ ते ६ इंच ठेवून कापा, माती झटका, सावलीत काही दिवस सुकवा, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात किंचित दमट पीट किंवा लाकडाच्या भुशात ठेवा; ग्लॅडिओलाचे कंद मात्र पूर्ण सुकवून कोरडेच ठेवा. डेलिया आणि ग्लॅडिओलाला ४० ते ४५ फॅरनहाइट चालतं. अळूला ५० लागतं, त्याखाली कंद मऊ पडतो. तळघराचा गार कोपरा बरोबर. महिन्यातून एकदा उघडून पाहा, एखादा सडलेला असेल तर लगेच काढा, नाहीतर खोकंच जाईल.

घरात येणारी आपली झाडं

गुलाबाला जे सांगितलं ते यांना लागू नाही. कढीपत्ता, मोगरा, तुळस, जास्वंद, गवती चहा यांना गोठण सोसतच नाही. रात्री ५५ फॅरनहाइटला आल्या की आत आणायची तयारी करा, आणि ५० च्या आत सगळं घरात. इथे हे सप्टेंबरच्या मध्या-शेवटाला होतं. घरातला हीटर सुरू होण्याआधी आणलेलं झाड नवी हवा सोपी घेतं.

आणण्याआधी आठ-दहा दिवस झाड सावलीत सरकवा. पाइपच्या जोरदार धारेने पानांच्या खालच्या बाजू धुवा. कुंडी बादलीतल्या पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून ठेवा, मुंग्या आणि किडे वर येतात. नंतर कीटकनाशक साबणाची फवारणी, पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीनदा, कारण एका फवारणीने अंडी मरत नाहीत. दोन आठवडे इतर झाडांपासून लांब ठेवा. घरात कुंडी बदलू नका, खत फेब्रुवारीअखेरपर्यंत नको.

कढीपत्ता थंड खोलीत अर्धी पानं टाकतो, कधी सगळी. तो मेला म्हणून फेकू नका आणि घाबरून पाणी वाढवू नका. हिवाळ्यात कढीपत्ता मरण्याचं मोठं कारण जास्त पाणी हेच. नखाने खोडाची साल जराशी खरवडा, खाली हिरवं दिसलं तर तो झोपलाय. बोट दोन इंच खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, तेही कोमट. दक्षिणेची खिडकी, पण रात्री काचेला पान टेकता कामा नये, आणि हीटरच्या झरोक्याचा झोत अंगावर नको. पानं चिकट लागली तर खवले कीड समजा: देठावर तपकिरी, न हलणारे फुगवटे. कापसाच्या काडीवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकेक पुसा. मार्चच्या मध्याला शेंडे खुडा. आणखी एक: फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांकडून गाडीतून रोप आणू नका. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी सिला कीड कढीपत्त्यावर वाढते आणि तिकडून रोपं हलवण्यावर निर्बंध आहेत.

मोगऱ्याला चार-सहा तास ऊन आणि ६० च्या आसपास तापमान पुरतं. हिवाळ्यात फूल नाही आलं तर काहीही बिघडलेलं नाही. त्याचा खरा वैरी लाल कोळी, कारण हीटरने घरातली हवा फार कोरडी होते. पानावर बारीक फिकट ठिपके, मग देठाशी जाळं. पांढरा कागद पानाखाली धरून फांदी झटका. ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. झाड न्हाणीघरात नेऊन आठवड्यातून एकदा पानांच्या पाठी धुणं हा अर्धा उपाय, बाकी साबण. फेब्रुवारीअखेर एक तृतीयांश छाटा.

तुळस जून झाली, खोड लाकडासारखं झालं, की घरात ती फारशी टिकत नाही. म्हणून ऑगस्टमध्येच चार इंचांचे शेंडे काढून पाण्यात ठेवा, खालची पानं काढून. दोनेक आठवड्यांत मुळं फुटली की लहान कुंडीत लावा आणि मंजिऱ्या येताच खुडत राहा. एका मोठ्या झाडाच्या मंजिऱ्या मात्र बियांसाठी वाळू द्या. तुळशीचं लग्न बहुतेकदा नोव्हेंबरात येतं. तोवर ही नवी रोपं हिरवीगार असतात. लग्न घरातच लावा, वृंदावन शोभेसाठी एक रात्रही डेकवर ठेवू नका. दक्षिणेची खिडकी नसेल तर एलईडी दिवा शेंड्यांच्या १२ इंच वर, टायमरवर रोज १४ तास.

उघडणं

मार्चमध्ये दोन दिवस ऊन पडलं की हात शिवशिवतात. थांबा. पानं मार्चच्या अखेरीस काढा. मातीचा ढीग एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, दोन-तीन टप्प्यांत, जसजशी वितळेल तसतसा. गोठलेली माती खुरप्याने फोडू नका, आतले कोवळे डोळे तुटतात. पाइपच्या मंद धारेने धुऊन काढली तर उत्तम. ती माती वाफ्यात पसरायची नाही, नाहीतर दरवर्षी पातळी चढत जाईल. भाजीच्या वाफ्यात टाका.

फोर्सिथिया (वसंतात लवकर फुलणारं झुडूप) पिवळी फुलली की छाटणीची वेळ. वरून अर्धा-अर्धा इंच कापत खाली या आणि प्रत्येक कापाचा गाभा पाहा. तपकिरी असेल तर अजून खाली. पांढरा किंवा फिकट हिरवट दिसला की थांबा, बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप द्या. हायब्रिड टीच्या फांद्या बहुतेकदा भरीच्या उंचीपर्यंतच जिवंत निघतात. हे अपयश नाही, भर दिली होती म्हणून तेवढ्या आहेत. काहीच हिरवं नसेल तरी मेअखेरपर्यंत उपटू नका. फुटवा आला की माती उकरून तो गाठीच्या वरून आलाय की खालून ते बघा. खालून असेल तर कापू नका, मुळाशी धरून ओढून काढा. कापलेला खुंट चार जागी फुटतो.

मेच्या मध्यापर्यंत फ्रॉस्ट येऊ शकतो. तशा रात्री कोवळ्या पालवीवर जुनी चादर टाका आणि सकाळी काढा. कढीपत्ता, मोगरा, तुळस त्यानंतरच बाहेर, आणि पहिले आठ-दहा दिवस सावलीत. घरातली पानं थेट उन्हात ठेवली तर एका दुपारीत पांढरी पडून भाजतात.